क्वेक लाओशींना दाखवलेला वसंत

क्वेक लाओशींची आणि माझी ओळख एका तक्रारीमुळे झाली, आणि ती तक्रार कोकिळेविरुद्ध होती.

२०११ साली आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो. शिरीष आणि मी, दोघंही आयटीतले. अलेक्झांड्रा रोडवरच्या माझ्या ऑफिसला चालत जाता यावं म्हणून क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर, आम्ही भाड्याने फ्लॅट घेतला. आमची जाई तेव्हा सात वर्षांची होती. ब्लॉकच्या मागे मोठाली झाडं होती आणि त्यांत कोकिळा होत्या. उजाडायच्या आधी सुरू व्हायच्या त्या आठ वाजले तरी थांबायच्या नाहीत. एका शनिवारी सकाळी चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टपाशी कागद घेऊन उभे होते. या पक्ष्यांचा बंदोबस्त करावा असा टाउन कौन्सिलला अर्ज होता आणि त्यावर ते येणाऱ्याजाणाऱ्याची सही घेत होते.

मी सही केली नाही. म्हणाले, "आमच्याकडे हा पक्षी ओरडला की वसंत आला म्हणतात."

"इथे तो बारा महिने ओरडतो," ते गृहस्थ म्हणाले.

माझ्यामागे पांढऱ्या, कानाच्या वर कापलेल्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. हातात भाजीची पिशवी. त्यांनीही कागद परत केला आणि माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरल्या. दार बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत तो काय म्हणतो?"

"कुहू."

"नुसतं कुहू? अर्थ काही नाही?"

"नाही."

"आमच्या जुन्या कवितांमध्ये त्याचा एक भाऊबंद आहे," त्या म्हणाल्या. "वसंत संपत आला की ओरडतो. घरापासून लांब असलेल्या माणसाला वाटतं, तो म्हणतोय, घरी परत चल, त्यापेक्षा घरी परत चल."

आम्ही दोघीही नवव्या मजल्यावर उतरलो. त्या आमच्यापासून दोन दारं सोडून राहत होत्या.

त्यांचं नाव क्वेक सिउ ल्यान. लाओशी म्हणजे चिनी भाषेत शिक्षक. सगळा ब्लॉक त्यांना तसंच म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. वडील दक्षिण चीनमधून आलेले, सुक्या मासळीचं दुकान. लाओशी मात्र इथेच जन्मल्या, इथेच चिनी माध्यमाच्या शाळेत शिकल्या आणि तशाच एका शाळेत हजार-बाराशे वर्षांपूर्वीची कविता शिकवायला लागल्या. पुढे ऐंशीच्या दशकात चिनी माध्यमाच्या शाळा इंग्रजी झाल्या. लाओशींच्या वाट्याला मुलांना श्रुतलेखन घालणं आणि उतारे वाचून प्रश्नांची उत्तरं लिहून घेणं एवढंच राहिलं. कविता अभ्यासक्रमातून जवळजवळ गेल्याच. त्यांनी लग्न केलं नाही. आईला सांभाळलं, ती गेली, आणि मग तीन खोल्यांच्या घरात त्या आणि पुस्तकं उरली.

जाईने शाळेत दुसरी भाषा म्हणून चिनी घेतली होती. पुढे उपयोग होईल हा आमचा हिशेब. म्हणून मी लाओशींना शिकवणीचं विचारलं. दर शनिवारी दुपारी आम्ही दोघी त्यांच्याकडे जायचो. जाईचा गृहपाठ झाला की लाओशी बक्षीस म्हणून एक छोटी कविता तिला म्हणून दाखवायच्या. चौकोनांच्या वहीत वीस अक्षरं, प्रत्येक चौकोनात एक. दोन वर्षांत जाई कंटाळली.

"आई, हे एक्झॅमला नाही लाह!" ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली आणि खाली खेळायला पळाली.

मी मात्र बसूनच राहिले. माझं चिनी पहिलीच्या मुलाइतकं होतं, तरी मी बसले. लाओशींनी माझ्यासमोर वही सरकवली. "मग तू शीक," म्हणाल्या. शुभदा त्यांना म्हणता यायचं नाही, म्हणून त्या मला 'शू' म्हणायच्या. त्यांच्या भाषेत शू म्हणजे पुस्तक. आमच्याकडे लहान मुलं शू कशाला म्हणतात ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

बहुतेक कविता वसंताच्या होत्या. मला वाटलं होतं, फुलांची वर्णनं असतील, रंग असतील, उपमांची रेलचेल असेल. तसं काही नव्हतं. वसंत सुंदर आहे असं कुणी म्हणतच नाही. वळचणीला पाकोळी येते, चोचीत चिखल असतो. पाण्यावर पाकळ्या असतात, आणि पाणी कुठे चाललंय ते आपण ओळखायचं. पूर्वेचा वारा सुटतो. पाऊस इतका बारीक की कपडे ओले झाल्याचं उशिरा कळतं. बस. आपला वसंत उन्हाचा. पळस पेटतो, घसा सुकायला लागतो. त्यांचा वसंत गारठ्यातून येतो, ओला असतो आणि पुरता आला म्हणेपर्यंत निघतो.

मी त्या कविता मराठीत आणायला लागले. तिथे माझी पंचाईत व्हायची. मूळ ओळीत असायचं: जिना चढणं, दूर पाहणं. कोण चढलं? बाई की पुरुष? आज की काल? काही लिहिलेलं नाही. मराठीत 'चढले' म्हटलं की बाई झाली, 'चढलो' म्हटलं की पुरुष. मी लाओशींना विचारलं, तो आहे की ती?

"वसंत आहे," त्या म्हणाल्या. "वर चढणारं कुणीही असू दे."

मग मी त्यांना समजावलं, की आमच्याकडे 'पाहिलं' म्हटलं तर पाहणारा लपवता येतो, पण 'चढणं' लपत नाही. त्यांना हे फार आवडलं. चार वेळा त्यांनी मला 'पाहिलं' म्हणायला लावलं आणि स्वतः म्हणून बघितलं. "चांगली भाषा आहे," म्हणाल्या. "निदान बघणाऱ्याला तरी लपू देते."

एकदा त्यांनी एक अक्षर काढलं, उच्चार 'शी'. जाई तेव्हा तिथे होती, ती खो खो हसली. मला पण हसू आवरेना. आमच्याकडे शी म्हणजे काय ते सांगितल्यावर लाओशीही हसल्या, आणि मग चष्मा पुसत म्हणाल्या, "या अक्षराचा अर्थ असा, की एखादी गोष्ट जिवापाड जपणं. आणि ती हातून गेल्याची हळहळ. दोन्हीला हे एकच अक्षर. अर्ध्या कविता वसंताला 'शी' करणाऱ्या आहेत. आलेल्या वसंतापेक्षा निघालेल्या वसंतावर आमच्या लोकांनी जास्त लिहिलंय." मराठीत मला त्यासाठी एक शब्द सापडला नाही.

वाळुंजाचं, म्हणजे विलोचं, झाड या कवितांत सारखं येतं. त्याचं चिनी नाव आणि 'थांब' हा शब्द ऐकायला जवळजवळ सारखे, म्हणून निरोप घेणाऱ्याच्या हातात लोक वाळुंजाची डहाळी द्यायचे. वसंताच्या शेवटी त्याचा कापूस उडतो. तो कापूस मराठीत आणताना मला आपली सावर आठवली. मार्चमध्ये टेकडीवर सावरीची बोंडं फुटली की कापूस उडायचा आणि आम्ही पोरं त्यामागे धावायचो. मी वहीत लिहिलं, 'म्हाताऱ्या उडताहेत.'

लाओशींना माझं मराठी ऐकायला आवडायचं, अर्थ नंतर. त्या दिवशी त्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला.

"म्हातारी म्हणजे वयस्कर बाई. आम्ही उडणाऱ्या कापसाला तसं म्हणतो. पांढरे केस, म्हणून."

"तुमच्याकडे वसंतात म्हाताऱ्या उडतात?"

"हो."

लाओशी बराच वेळ हसत होत्या. मग हसू थांबलं आणि त्या म्हणाल्या, "शू, मी तीस वर्षं वसंत शिकवला. पाहिला कधीच नाही."

मी खरोखर चकित झाले. मग लक्षात आलं, यात नवल काय? सिंगापूरला ऋतू नाहीत. तरुणपणी चीनला जायला परवानगी मिळत नव्हती. मिळायला लागली तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. मलेशिया पाहिला, थायलंड पाहिला, पर्थला भाची असते तिच्याकडे एकदा डिसेंबरात गेल्या, तेव्हा तिथे उन्हाळा.

"मुलं विचारायची, लाओशी, पीचचं फूल कसं असतं?" त्या सांगत होत्या. "मी कॅलेंडरवरचं चित्र दाखवायचे. वाळुंज कसं असतं? पुन्हा कॅलेंडर. एकदा एका मुलीने विचारलं, पूर्वेचा वारा अंगाला कसा लागतो? त्याचं कॅलेंडर माझ्याकडे नव्हतं."

हे २०१४ साल. त्यांनी मला विचारलं, चीनमध्ये हांगचौला येशील का माझ्याबरोबर? तिथे मोठं तळं आहे, तळ्यातून जाणारा बांध आहे, बांधावर एक वाळुंज, एक पीच, एक वाळुंज, एक पीच अशी झाडं आहेत. झेंड्यामागून पळवणाऱ्या टूरबरोबर त्यांना जायचं नव्हतं. एकटीने जायचा धीर नव्हता. सहा दिवस लागतील, म्हणाल्या. मार्चचा शेवटचा आठवडा.

मी लगेच हो म्हटलं. मला तेव्हा मनापासून जायचं होतं, हे खरं आहे.

२०१५च्या मार्चमध्ये आमच्या बँकेच्या प्रोजेक्टचं काम अंगावर आलं. मी लाओशींना म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. त्या म्हणाल्या, वसंत दर वर्षी येतो. २०१६ साली जाईची पीएसएलई होती. सिंगापुरात सहावीच्या या परीक्षेच्या वर्षी घरातलं कुणी हसतसुद्धा नाही. लाओशी स्वतःच म्हणाल्या, "परीक्षा आधी. मी शिक्षिका आहे, मला सांगू नकोस." २०१७ साली शिरीषची आई पुण्याहून येऊन राहिली होती. दर वर्षी कारण खरं होतं. एकही खोटं नव्हतं. म्हणूनच बहुधा मला कधी लाज वाटली नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात एका शनिवारी लाओशी पुस्तक उघडून मला कविता वाचून दाखवत होत्या. मी बाजूला वाकून पाहिलं. त्या म्हणत होत्या ती कविता त्या पानावर नव्हती. त्यांनी पान उलटलं, दुसरी कविता म्हटली. तीही त्या पानावर नव्हती.

"लाओशी, डोळ्यांना काय झालंय?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "मधलं गेलंय," म्हणाल्या. "कडेचं दिसतं. तुझ्याकडे पाहिलं की तुझा खांदा दिसतो, तुझ्या मागचा पंखा दिसतो. तू दिसत नाहीस." डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, की हे आता परत यायचं नाही. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण जाईची परीक्षा होती, मग सासूबाई होत्या.

घरी येऊन मी शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग वाट कसली बघतेस? या मार्चला जाच."

मी कामाला लागले. तिकिटं, हॉटेल, माझ्या भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा. लाओशींनी एकच गोष्ट बजावली होती, "छिंगमिंगच्या आत पोचायला हवं." छिंगमिंग म्हणजे पूर्वजांच्या कबरी साफ करायचा दिवस, एप्रिलच्या चार-पाच तारखेला येतो. त्याच्या आत फुलं असतात, नंतर भरवसा नाही. आणि नेमकं फेब्रुवारीत आमच्या नव्या प्रणालीचं गो-लाइव्ह, म्हणजे ती प्रत्यक्ष सुरू करायचा दिवस, एप्रिलच्या चौदा तारखेला ठरलं. माझ्या हाताखालचा रुचिर म्हणाला, "मॅडम, तुम्ही जा ना मार्चमध्ये. आठवडाभर मी बघतो." रुचिर हुशार होता, त्याने पाहिलं असतं. पण बारा वर्षं मीच गो-लाइव्ह सांभाळत आले होते. मी नसताना ते नीट पार पडलं असतं, तर माझं काय, असं मनात कुठेतरी होतं. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी म्हटलं, "नको, जबाबदारी माझी आहे."

लाओशींना मी सांगितलं, "एप्रिलच्या एकोणीसला निघू. दोन आठवड्यांनी असा काय फरक पडतो?"

त्या म्हणाल्या, "तू म्हणशील तसं."

निघायच्या दहा दिवस आधी ते गो-लाइव्ह एक महिना पुढे ढकललं गेलं. तिकिटं बदलायला उशीर झाला होता.

हांगचौला पोचलो त्या दिवशी मळभ होतं. टॅक्सीत लाओशी पुढे बसल्या आणि ड्रायव्हरशी चिनीत भरभर बोलत होत्या. त्याचं बोलणं त्या भागातलं, मला दहातला एक शब्दही कळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर गेलो. त्यांनी ठेवणीतला निळा कोट घातला होता, पहिल्यांदाच घातलेला. माझ्या हाताला धरून त्या हळूहळू चालत होत्या.

पीचची झाडं होती. एक वाळुंज, एक पीच, अगदी त्यांनी सांगितलं होतं तशी. पण पीचवर एक फूल नव्हतं. सगळी झाडं हिरवीगार, पानांनी भरलेली. सिंगापूरमध्ये असतात तितकीच हिरवी.

लाओशी थांबल्या. माझ्या हातावरची त्यांची पकड घट्ट झाली. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

आणि मी खोटं बोलले.

"फुलं आहेत," मी म्हणाले. "थोडी गळलीत, पण आहेत. गुलाबी. या झाडाची एक फांदी पाण्यावर वाकलीय. तिच्या टोकाला चार-पाच कळ्या अजून मिटलेल्या आहेत."

"रंग? गडद की फिका?"

"कडेला फिका, मधे गडद."

"आणि पाण्यावर?"

"पाकळ्या. वाऱ्याने बांधाच्या कडेला गोळा झाल्यात."

त्यांचा चेहरा उजळल्यासारखा मला वाटला. मग मला थांबता येईना. तीन दिवस मी त्यांना वसंत दाखवत राहिले. एकवीस कवितांचं भाषांतर मी केलं होतं, त्यामुळे माझ्यापाशी काही कमी नव्हतं. पाकोळ्या घातल्या, धुकं घातलं, पलीकडच्या काठावर एक म्हातारा छत्री घेऊन उभा केला. बोलता बोलता मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं, हेही सांगून टाकते. त्या ऐकायच्या, मान हलवायच्या, मधूनच एखादा प्रश्न विचारायच्या. कधी एखाद्या बाकावर बसून शेजारच्या माणसाशी चार शब्द बोलायच्या. पाय थकले की आम्ही चहा प्यायचो आणि हॉटेलवर परतायचो. पाचव्या दिवशी पाऊस लागला, आम्ही खोलीतच होतो.

परतीच्या दिवशी विमानतळावर फ्लाइटची वाट बघत बसलो होतो. मी सँडविच उघडत होते. लाओशी म्हणाल्या, "ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"काय?"

"की तुम्हाला उशीर झाला. यंदा फुलं फार छान आली होती. छिंगमिंगनंतर दोन दिवस पाऊस झाला, त्यात सगळी गेली."

माझ्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. मी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू इतकं छान सांगत होतीस." त्या रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. "मला वाटलं, पहिला दिवस असं सांगशील, मग थांबशील. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता खरं काहीतरी सांगशील."

"मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं, लाओशी."

"माहीत आहे." मग त्या म्हणाल्या, "पण शू, तू सांगितलास तो वसंत मला पाठ आहे. तीस वर्षं मी तोच सांगत आले. फुलं गेली तर गेली. तिथे जे होतं ते मला हवं होतं."

विमानात त्या डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या की नाही, मला कळलं नाही.

परत आल्यावर आमचं बोलणं बंद झालं असं नाही. मी शनिवारी जायचे, कविताही चालू होत्या, पण मला त्यांच्यासमोर वाचताना संकोच वाटायला लागला होता. त्या वर्षाच्या शेवटी त्या न्हाणीघरात पडल्या. भाची पर्थहून आली आणि तिने त्यांना बुकित पंजांगमधल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. क्वीन्सटाउनहून तिथे जायचं म्हणजे एमआरटीची मेट्रो, मग ती छोटी एलआरटी गाडी, मग चालणं. मी आठवड्याला जाईन असं ठरवलं आणि महिन्यातून एकदा गेले.

मार्चमध्ये गेले तेव्हा त्या खिडकीशी खुर्चीत होत्या. बऱ्याच अशक्त झाल्या होत्या. माझा आवाज ओळखून त्यांनी हात पुढे केला. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "शू, आता सांग. तिथे काय होतं?"

मला लगेच कळलं, त्या कशाबद्दल विचारताहेत. मी आठवायला लागले. मला काही आठवेना. मी पाहिलंच नव्हतं. तीन दिवस मी त्या बांधावर उभी होते, डोळे धड होते, समोर सगळं होतं, आणि मी मनातल्या मनात पुढचं वाक्य जुळवत होते. जे नव्हतं ते मला बारकाव्यांसकट पाठ होतं. जे होतं त्याची नुसती हिरवी, धूसर पट्टी.

लाओशी थांबल्या होत्या. घाई नव्हती त्यांना.

"झाडं हिरवी होती," मी म्हटलं.

"कशी हिरवी?"

"आठवत नाही, लाओशी. एक माणूस गळ टाकून बसला होता. त्याची बादली लाल होती. किंवा टोपी. एका ठिकाणी चिखलात तपकिरी काहीतरी चिकटलेलं होतं, त्या पाकळ्या असतील. आणि..." मी डोळे मिटले. "आणि एक बाई बांबूच्या लांब झाडूने रस्ता झाडत होती. पानं खूप पडली होती. लालसर पानं. मला नवल वाटलं होतं, वसंतात कसली पानगळ?"

लाओशी खुर्चीत सरळ झाल्या. "लालसर? झाड केवढं होतं?"

"मोठं. चुरगळलेल्या पानाला कापरासारखा वास येत होता."

"कापराचं झाड," त्या म्हणाल्या. "नवी पालवी आली की ते जुनी पानं टाकतं. कुठेतरी वाचलं होतं. पण नेमकं कोणत्या दिवसांत टाकतं ते मला माहीत नव्हतं." त्यांनी माझा हात दाबला. "आणखी?"

आणखी काही नव्हतं. मी खूप प्रयत्न केला. त्यांनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. नर्स जेवण घेऊन आली, मऊ भात आणि मासा, आणि मी त्यांना भरवून निघाले. एलआरटीत बसल्यावर मनात आलं, एखादी गोष्ट रचून सांगितली असती तर? त्यांनी ओळखलं असतं.

त्यानंतर मी तीनदा गेले. पुढे त्यांना माणसं नीट ओळखू येईनाशी झाली. एकदा त्यांनी मला वर्गातली मुलगी समजून श्रुतलेखन घातलं. मी कागद काढून लिहिलं. दहातली चार अक्षरं चुकली, पण तपासायला त्यांना दिसत नव्हतं, आणि मी स्वतःहून सांगितलं नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये लाओशी गेल्या. आमच्याच ब्लॉकच्या खाली, तळमजल्याच्या मोकळ्या वॉइड डेकमध्ये, पांढरे पडदे लावून तीन दिवस त्यांना ठेवलं होतं. गोल टेबलं, शेंगदाणे, खरबुजाच्या बिया, अशुभ टळावं म्हणून येणाऱ्याच्या हातात लाल दोरा. त्यांचे जुने विद्यार्थी आले, साठीला आलेले, टक्कल पडलेले. एक जण मला म्हणाला, त्यांचा कवितेचा तास म्हणजे बाहेर रणरणतं ऊन आणि आत आम्हाला थंडी वाजायची. शिरीष आला, जाई तिच्या शाळेच्या गणवेशातच आली आणि फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

शेवटच्या दिवशी दुपारी भाची माझ्याजवळ येऊन बसली. फ्लॅट रिकामा करताना चौकोनांच्या वह्या सापडल्या का, असं मी तिला विचारलं. तिने आठवून सांगितलं, की जुन्या कागदांचे गठ्ठे होते, ते रद्दीवाल्याला दिले. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला चिनी वाचता येत नव्हतं. माझ्याकडे माझी मराठीची वही होती, तेवढीच.

"मावशी गेल्या वर्षी तुमच्याबरोबर चीनला गेली होती ना?" भाचीने विचारलं. "मला फोनवर काही धड बोलली नाही. कशी झाली ट्रिप?"

"आम्हाला उशीर झाला," मी म्हटलं.

"फ्लाइट लेट होती?"

मी मान हलवली. तिला तो होकार वाटला असावा. तेवढ्यात माणसं आली आणि प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवायला लागली, म्हणून आम्ही दोघी उठलो.